तुजं अजून ठरायचंय

आमच्या थोरल्या जाऊबाई जाऊन आता बरेच उन्हाळे झाले, पण गावात कोणी त्यांचं कौतुक काढलं की माझ्या पोटात अजून दुखतं. हे मी लपवत नाही. लपवून उपयोगही नाही, कारण माझं तोंडच असं आहे की आत काय शिजतंय ते गल्लीच्या टोकावरून दिसतं. तोंडावर मी त्यांना ‘बाई’ म्हणायची, अहो-जाहो करायची. मनात अगं-तुगं चालायचं. त्या मला ‘धाकले’ म्हणायच्या. पुढे मी महिला दूध संस्थेची चेअरमन झाले, माझ्या नावाचा बोर्ड लागला, तरी त्यांच्या लेखी मी धाकलीच राहिले.

बाई उंच, हडकुळ्या, पुढचे दात जरा बाहेर. लुगडं पोटऱ्यांच्या वर खोचलेलं आणि हातात बारा महिने काळी छत्री. उन्हाळ्यात ती उघडी असायची आणि पावसाळ्यात मिटलेली. कोणी विचारलं तर म्हणायच्या, “आपल्याकडं पाऊस येतोय कवा? आलाच तर त्येला अंगावर घ्यावा, का छत्री दाखवावी?” थोरले भाऊजी त्यांच्या शेजारी उभे असले तरी नसल्यासारखे. बोलण्याचं सगळं खातं त्यांनी लग्नातच बायकोच्या नावावर करून दिलं होतं. मी या घरात आल्यापासून त्यांच्या तोंडून ‘हूं’ पलीकडे फारसं काही ऐकलं नव्हतं.

बाईंची एक खोड होती. माणूस दिसला की त्याला त्या झाडपाल्यात बसवायच्या. सरपंच गाजरगवत. “जितका उपटाल तितका फैलतोय बगा.” तालुक्याचे डॉक्टर निलगिरी, कारण खालचं पाणी सगळं एकटे पितात आणि शेजारी दुसरं काही उगवू देत नाहीत. आमच्या संस्थेचा सेक्रेटरी अमरवेल. त्याला मूळ नाही, पान नाही, तरी अंगाने भरलेला. माझे मालक ऊस. “भावजी पानी हाय तवर लई गोड,” असं म्हणून त्या हसायच्या आणि माझे मालकही मूर्खासारखे हसायचे. स्वतःच्या नवऱ्यालाही सोडलं नव्हतं. “आमचे म्हंजी मुरूम. काई बोलत न्हाईत, पन त्यांच्यावर काईबी उगवतंय.”

एकदा मी भाकऱ्या थापता थापता सहज विचारल्यासारखं विचारलं, “बाई, मग मी कोन?”

त्यांनी छत्रीच्या टोकाने जमिनीवर रेघ ओढली, माझ्याकडे वरून खाली पाहिलं आणि म्हणाल्या, “तुजं अजून ठरायचंय.”

झालं. सगळ्या गावाचं ठरलं, शाळेच्या शिपायाचं ठरलं, आणि मी, घरची सून, रोज डोळ्यांसमोर असणारी, माझं ठरायचंय! त्या दिवशीच्या भाकऱ्या सगळ्या करपल्या. पुढे वर्षानुवर्षं मी अधूनमधून विषय काढत राहिले. कधी चेष्टेत, कधी चिडून. उत्तर तेच. लोकांना देवाकडून काय काय हवं असतं. मला त्या बाईच्या तोंडून एका झाडाचं नाव हवं होतं. चांगलं नाव. वड म्हणाल्या असत्या तर मी नाही म्हटलं नसतं.

आमच्याकडे वाटणीची एक रीत आहे. थोरल्याने वाटे घालायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा. म्हणजे थोरला लबाडी करत नाही. सासरे गेल्यावर वाटे घातले ते भाऊजींच्या नावाने बाईंनीच. एका बाजूला माजलगावच्या कॅनॉलखालचं काळं रान, दुसऱ्या बाजूला वडवणीच्या अंगाचा अख्खा माळ आणि पायथ्याची हलकी पट्टी. मी मालकांना कोपराने ढोसलं. काळं रान उचललं. कोण नाही उचलणार? त्या माळावर तेव्हा मुरूम होता आणि मुरमाखाली मुरूम होता. गावची जनावरं तिथे नुसती पाय मोकळे करायला जायची.

उचलून झाल्यावर मी बाईंकडे पाहिलं. मला वाटलं होतं, तोंड उतरलं असेल. तर बाई हसत होत्या. तेव्हापासून माझी झोप उडाली. हरलेल्या माणसाने हसू नये, अशाने जिंकलेल्याला भाकर गोड लागत नाही. आणि तक्रार तरी कुठे करायची? वाटा माझ्याच हाताने उचललेला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दुसऱ्या दिवसापासून बाई छत्री घेऊन माळाच्या तोंडाशी जाऊन बसल्या. करायच्या काही नाही. नांगर नाही, खड्डा नाही, रोप नाही. जनावर आलं की छत्री फटकन उघडायच्या. बैल बिथरून पळायचा, मागे त्याचा मालक शिव्या देत पळायचा. लोक म्हणाले, थोरलीच्या डोक्यावर परिणाम झाला. मीही दोन-तीन घरी जाऊन ‘खरं हाय बाई’ असं म्हणून आले.

मग बाईंनी बिरूमामाला बोलावलं. बिरूमामा धनगर, दरवर्षी आमच्या शिवारात मेंढ्या घेऊन उतरायचा. लोक त्याचा कळप पेरणीआधी काळ्या रानात रात्री बसवून घेतात, लेंड्यांचं खत होतं, बदल्यात त्याला ज्वारी देतात. बाईंनी कळप बसवला तो उघड्या मुरमावर.

बिरूमामा म्हणाला, “बाई, दगडाला खत घालून काय दगड वाडनार हाय?”

“मामा, दिवसभर बाबळीच्या शेंगा चारा त्येंला, बोरं चारा, हिवराखाली फिरवा. मग रातच्याला हितं बसवा. मला खत नको, त्येंच्या पोटातलं बी पायजे.”

“आन मग?”

“मग तुमी जावा. गवत भरल्याबिगर परत या माळावर यायचं न्हाई.”

“म्हंजी जेवायला बोलवायचं आन पंगतीतून उटवायचं!”

“ज्वारी कमी दिली का?” बाई म्हणाल्या. ज्वारी त्यांनी खरोखरच कमी दिली नव्हती.

पहिल्या पावसाळ्यानंतर माळावर आलं काय, तर कुसळाचं गवत. त्याच्या बीचं टोक सुईसारखं, शेपूट पीळ घातलेली. लुगड्यात शिरतं, पायात मोडतं, मेंढ्यांच्या लोकरीतून कातडीपर्यंत जातं. मी आनंदाने बघायला गेले आणि काठभर कुसळं घेऊन परत आले. “बाई, एवढी राखन करून कुसळंच आली की हो!” मी अगदी हळहळून म्हणाले. बाईंनी नुसतं माझ्या लुगड्याकडे बघितलं.

त्यांचं म्हणणं असं की उघड्या जागेवर सगळेच येत नाहीत. मुरूम तापतो, पाणी धरत नाही, तिथे भल्याभल्यांचं काम नाही. आधी हलक्यातलं, टणक काहीतरी येतं. ते वाळतं, कुजतं, मुळांनी चिमूटभर माती धरून ठेवतं. त्या चिमटीवर मग मऊ गवत येतं. गवतात तरवड येतो. तरवडाच्या आडोशाला बोराटी. आणि बोराटीच्या काट्यात शेळीचं तोंड जात नाही म्हणून पाखराने टाकलेली लिंबोळी तिथे रुजते, लिंब वर जातो, त्याच्या सावलीत बोराटी आणि तरवड आपसूक मरतात. “मागून येनारा फुडच्याच्या मढ्यावर वाडतोय,” असं त्या जेवायला बसलेल्या माणसासमोरही सांगायच्या. “आपन निस्तं मोकळं सोडायचं. ज्येचं त्येला कळतंय.”

आणि मेलं तसंच झालं हो. मी दरवर्षी जाऊन बघत होते, कुठेतरी चुकेल म्हणून. कुसळाच्या मधे मधे मारवेलाचं मऊ गवत दिसायला लागलं. मग पिवळ्या फुलांचा तरवड. एका वर्षी तितर ओरडायला लागले. एका वर्षी बोराटीच्या जाळीत वाकून बघितलं तर आत लिंबाचं रोप, बोटाएवढं, लालसर पानांचं. मला काटा लागला तो वेगळाच. पावसाचं पाणी पूर्वी माळावरून लाल होऊन धावत खाली यायचं, ते आता रांगत यायला लागलं, आणि पायथ्याची बाईंची विहीर फाल्गुनापर्यंत टिकायला लागली. आमच्या मालकांना कौतुक आवरेना. “थोरली वहिनी म्हंजी जादूगार हाय,” म्हणाले. मी त्या रात्री त्यांच्या ताटात भाजी कमी वाढली.

आता माझंही थोडं सांगते, नाहीतर वाटेल मी नुसती जळत बसले होते. गावात दूध संस्था काढली ती मी. बायकांची संस्था म्हटल्यावर गावातले पुरुष पारावर टाळ्या देऊन हसले होते. मी घरोघरी गेले. ज्या घरात चहा मिळाला तिथेही गेले आणि ज्या घरातून कुत्रं सोडलं तिथेही परत गेले. दुधाची गाडी आमच्या फाट्यावर थांबत नव्हती, तर रस्त्यात पदर खोचून उभी राहिले. माझ्या जिभेला धार आहे असं लोक म्हणतात. त्या धारेनेच संस्था उभी राहिली. गयाबाई, शेवंता, सगळ्या जणी सकाळी किटल्या घेऊन रांगेत उभ्या राहायच्या तेव्हा मला माझा माळ हिरवा झाल्यासारखं वाटायचं. बाई मात्र कधी बघायला आल्या नाहीत.

मग तो दुष्काळ आला. धरणात चिखल राहिला, कॅनॉलमध्ये पोरं क्रिकेट खेळायला लागली. आमचा ऊस, ज्याच्यासाठी मी काळं रान उचललं होतं, तो उभ्या उभ्या वाळला आणि वैरणीला कापला, तोही आठवडाभरात संपला. छावणी सुरू होणार, होणार, असं नुसतं कानावर येत होतं. गाई खुट्ट्याभोवतीची माती चाटत होत्या. आणि सगळ्यांच्या डोळ्यांपुढे बाईंचा माळ, गुडघाभर वाळलेलं सोनेरी गवत वाऱ्यावर डोलत उभं.

चेअरमन म्हणून मागायला जाणं मला भाग होतं. पण खरं सांगायचं तर मला नकार हवा होता. मी वाटेत सगळं जुळवून ठेवलं होतं: बाई नाही म्हणणार, मी बायकांना घेऊन माळावर चालून जाणार, गावासमोर बाईंचं पितळ उघडं पडणार. गवतावर जीव आणि मुक्या जनावरावर नाही! वाक्यं तयार होती. बायका मागे उभ्या होत्या.

मी तोंड उघडायच्या आत बाई म्हणाल्या, “सोडा जनावरं.”

“कापून न्यायचं का?” गयाबाईने चाचरत विचारलं.

“कापायला अंगात ताकद हाय का तुमच्या? सोडा. गाई सोडा, म्हशी सोडा. बिरूमामालाबी सांगावा धाडा.”

माझी सगळी वाक्यं घशातच राहिली. नंतर कितीतरी दिवस ती मला डाचत होती.

माळ खाल्ला गेला. गवत गेलं, तरवड ओरबाडला, पोरांनी लिंबाचे डहाळे मोडून शेळ्यांना घातले. मेंढ्यांनी राहिलेलं चाटूनपुसून साफ केलं. मृगाच्या आत सगळीकडे पुन्हा लाल मुरूम दिसायला लागला. मी चढून गेले आणि त्या लाल रंगाकडे बघून मला बरं वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा छातीतला दगड हलका झाला. बाई छत्री उघडून तिथेच बसल्या होत्या.

“गेलं की हो बाई सगळं,” मी म्हणाले.

त्यांनी छत्रीचं टोक जमिनीत खुपसून थोडं उकरलं. आत पांढरीपिवळी मुळं, जाळीसारखी गच्च.

“खाल्लंय ते वरचं. मुळं कुनी खाल्लीत? पैल्यांदा काईच नव्हतं, म्हनून टाइम लागला. आता माती हाय, मूळ हाय, बी हाय. बग तू.”

बघितलं. जितकी वर्षं पहिल्यांदा लागली होती तितके महिनेसुद्धा लागले नाहीत. पाऊस बरा झाला आणि दसऱ्याला माळ होता तसा. आणि वर गावभर बाईंचं नाव: जनावरं कुणी जगवली, तर थोरल्या बाईंनी. माझ्या संस्थेतल्या बायका माझ्यासमोर हे बोलायच्या. दुष्काळात तेरावा महिना माझ्याच नशिबी आला.

त्या वर्षीच्या वार्षिक सभेला बायकांनी बाईंनाही बोलावून आणलं होतं. तिथे शेवंता उभी राहिली आणि म्हणाली, “यंदा थोरल्या बाईला चेअरमन करा.” टाळ्या पडल्या. मी हसून बघत राहिले, कारण अशा वेळी एक रीत असते. माणूस दोनदा नको म्हणतो, तिसऱ्यांदा लोकच गप्प बसतात. शिवाय बाईंना संस्थेतलं काय कळत होतं? त्या उठल्या, छत्री बगलेत धरली आणि म्हणाल्या, “बरं.” नुसतं बरं! येऊन माझ्या खुर्चीवर बसल्या. आयत्या बिळावर नागोबा. सभा संपल्यावर चहा वाटला तो मीच, आणि कप खाली पडून फुटला तो माझ्याच हातून.

पण पुढे जे झालं त्याने माझा सगळा सूड आपोआप निघाला. बाईंनी संस्था चालवली ती माळासारखी. म्हणजे चालवलीच नाही. सेक्रेटरी उशिरा येतो म्हटलं तर, “येऊ द्या, त्येचं त्येला कळंल.” कॅन कोण धुणार यावरून बायका भांडल्या तर, “भांडू द्या. गवतबी भांडतंय जागेवरून.” कॅन कोणीच धुतले नाहीत. दूध नासलं, परत आलं, पुन्हा नासलं. गाडीवाला काही दिवस आला, मग यायचा बंद झाला. फाट्यावर उभं राहून त्याच्याशी भांडायला कोणी गेलं नाही. वर्ष संपायच्या आत माझी संस्था मुरूम झाली. कुलूप लागलं त्या दिवशी मी घरात शिरा केला. मालकांनी विचारलं, आज काय? म्हटलं, सहज.

तो शिरा मला पचला नाही. शेवंताने तिची म्हैस सिरसाळ्याच्या एका माणसाला विकून टाकली. तीच शेवंता, जिने बाईंचं नाव सुचवलं होतं. म्हैस टेम्पोत चढेना, मागे वळून वळून ओरडत होती, आणि शेवंता घरात तोंड फिरवून बसली होती. मी तशीच तरातरा माळावर गेले.

“बाई, शेवंताची म्हैस गेली!”

“ऐकलं.”

“ऐकलं? आन काय, मोकळं सोडायचं? गवत वाळलं तर फुडल्या साली येतंय. शेवंताची म्हैस येती का फुडल्या साली? मानसं म्हंजी गवत न्हाई, बाई! मानसाच्या दारात जावं लागतंय. शिव्या खाव्या लागत्यात. तुमी छत्रीखाली बसून संस्था मारली माजी!”

एवढं बोलून मी थांबले, धाप लागली म्हणून. मला वाटलं आता छत्री उघडतील माझ्या तोंडावर. बाईंनी छत्री मिटून मांडीवर ठेवली. मग म्हणाल्या, “ते खरं हाय. तितं चुकलं माजं.”

त्यांच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं आणि शेवटचंही. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. पण चूक कबूल करण्यातही ती बाई माझ्यापुढे गेली, हे पायथ्याशी येईपर्यंत माझ्या लक्षात आलं आणि पुन्हा तिळपापड झाला.

गयाबाईकडे त्या दिवसांत दूध फुकट जात होतं. ते ओतून द्यायचं तिच्या जिवावर आलं, म्हणून तिने लग्नातली मोठी कढई चुलीवर चढवली आणि खवा आटवला. जळण कुठलं, तर बाईंच्या माळावरचं. लिंब वाढून त्यांच्या सावलीत तरवड वाळून गेले होते, ते बाईंनी नेऊ दिले. एकीचं बघून दुसरी, दुसरीचं बघून तिसरी. घराघरातून गोड धूर निघायला लागला. पण खवा विकायचा कुठे? माजलगावचा हलवाई एकेकीला गाठून नाही नाही ते बोलायचा. खवा पिवळा हाय, खवा करपलाय. मला ते ऐकवेना. माझं आता काही पद नव्हतं, मला कोणी बोलावलंही नव्हतं. मी सगळ्यांचा खवा एका पाटीत घेतला, बसमध्ये बसले आणि हलवायाच्या दुकानात भर गिऱ्हाइकात त्याला असं धारेवर धरलं की त्याने वजनकाटा स्वतः पुसून घेतला. मग वडवणीच्या बाजारातही गेले. पुढच्या पोळ्यापर्यंत बायकांनी मिळून एक भट्टी घातली, आधीच्या संस्थेच्याच खोलीत. शेवंता तिथे उलथनं फिरवायला लागली. मी हे बाईंना दाखवायला केलं. त्यांच्यावरच्या रागाने केलं. धर्मकार्य वगैरे कोणी म्हणू नये.

बाई शेवटी आजारी पडल्या तेव्हा त्यांची बाज माळावरच टाकली होती, त्या पहिल्या लिंबाखाली. बोराटी तिथली कधीच मरून गेली होती. मी रोज दुपारी पेज घेऊन जायची. एका दुपारी मला राहवलं नाही.

“बाई, आता तरी सांगा. माजं काय ठरलं?”

त्या हसल्या, दात अजून तसेच बाहेर. “तुजं कवाचंच ठरलंय. कुसळ.”

मी पेजेचं भांडं आपटून ठेवलं आणि चालू लागले. कुसळ! इतक्या वर्षांनी! घरी येऊन मालकांना सांगितलं तर त्यांना हसता हसता ठसका लागला. “वहिनीची नजर पक्की हाय,” म्हणाले. रात्रभर मी कूस बदलत होते. दुसऱ्या दिवशी पेज घेऊन पुन्हा गेले, भांडायलाच.

“कुसळच कावून? समद्यांना टोचते म्हनून?”

“टोचतीस तर हायेसच,” बाई म्हणाल्या. बोलताना आता थांबावं लागायचं. “पन उगड्या मुरमावर आदी कोन येतंय? लिंब येत न्हाई. बोर येत न्हाई. त्येंना कुनीतरी माती धरून द्यावी लागती. बायकांची संस्था म्हनल्यावर समदे हसले, तवा कोन आलं? मी ती मोडली, समदं उगडं पडलं, तवा परत आदी कोन आलं? रागानं का व्हईना, तूच आलीस.”

मी पेज ढवळत राहिले. मग मी विचारलं, “आन तुमी कोन?”

“मी? मी काईच न्हाई. मी निस्ती बसले.”

“आन कुसळाचं फुडं काय होतंय?”

“सावली झाली की जातंय.”

बघा. मरायला टेकलेली बाई, पण जाता जाता मला माझ्याच जागेवरून उठवून गेली. मी पदराने त्यांचं तोंड पुसलं, जरा जोरातच. त्या डोळे मिटून म्हणाल्या, “बी जात न्हाई पन. जागा उगडी पडली की परत.”

त्या गेल्या तेव्हा माळाच्या खालच्या अंगाला एक मोठा खड्डा पडलेला होता. रस्त्याच्या कामाला त्यांच्या आजारपणात कोणीतरी रातोरात जेसीबी लावून मुरूम उचलला होता. जखमेसारखी लाल, उघडी जागा. सावडल्यावर राख नदीत न सोडता त्याच खड्ड्यात टाकायची असं ठरलं. तोपर्यंत ठीक होतं. पण बायकांनी वडाचं रोप आणलं होतं, नावाची पाटी आणली होती, भोवती पार बांधायचा बेत होता. गयाबाईने कुदळ उचलली.

“खाली ठेव,” मी म्हणाले.

“अगं, बाईची आठवन म्हनून...”

“काई लावायचं न्हाई हितं. एक काडी लावायची न्हाई. ज्येचं त्येला कळतंय. मोकळं सोडा!”

माझा आवाज एवढा चढला की तितर उडाले. गयाबाईने कुदळ खाली ठेवली. थोरल्या भाऊजींनी मान हलवली, ‘हूं’ म्हणाले आणि बाईंची छत्री उघडून खड्ड्याच्या कडेला बसले. वडाचं रोप शाळेत लावलं. ते छान वाढलंय, मला त्याचं काही नाही.

पुढच्या दिवाळीनंतर मी एकटीच माळावर गेले. वर लिंबांची गर्दी झाली होती, खाली गार सावली. त्या सावलीत मी मुद्दाम शोधलं, कुसळाची एक काडी नव्हती. मग खाली खड्ड्याकडे उतरले. भाऊजी छत्री घेऊन बसले होते. त्या लाल मुरमावर, जिथे आम्ही बाईंची राख टाकली होती, तिथे काहीतरी उगवून वाळून उभं होतं, पिवळं, वाऱ्याने हलणारं. जवळ गेले आणि कळायच्या आत ते माझ्या लुगड्याच्या काठाला चिकटलं, निऱ्यांत शिरलं, वहाणेच्या पट्ट्यातून पायात मोडलं.

सगळ्या माळातून त्या बाईच्या राखेवर पहिली उगवले ती मीच.

मी तिथेच बसले आणि एकेक कुसळ उपटायला लागले. डोळ्यांना धार लागली होती. काटा पायात खोल गेला होता, दुसरं काही नाही. भाऊजींनी छत्री माझ्या अंगावर सरकवली आणि जन्मात पहिल्यांदा मला उद्देशून एक अख्खं वाक्य बोलले. “उपटू नको, धाकले. ऱ्हाऊ दे.”

आणि मी राहू दिली. तशीच काठभर कुसळं घेऊन गावातून चालत घरी आले. मेल्यावरही तिचंच खरं झालं. जळते मी त्या बाईवर, अजून.